शिफारसपत्र कोणाकडे मागावे आणि कधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात ३१ वर्षे रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो, त्याला आता ४ वर्षे होतील. निवृत्तीनंतर माणसाच्या दारातली वर्दळ कमी होते असे म्हणतात. माझ्याकडे मात्र दर वर्षी दिवाळी आटोपली की ती सुरू होते. फाटकाशी दुचाकी थांबते, हेल्मेट काखेत धरून एखादा माजी विद्यार्थी आत येतो, चहा अर्धा होईपर्यंत घरच्यांची विचारपूस करतो आणि मग जरा सावरून बसत म्हणतो, "सर, एक लेटर जाय आशिल्लें." हे लेटर म्हणजे परदेशातील विद्यापीठात एम.एस. किंवा पीएच.डी.साठी अर्ज करताना लागणारे प्राध्यापकाचे शिफारसपत्र. मुलांच्या तोंडी त्याचे नाव 'एलओआर' असे आहे. ते मागण्याची आणि देण्याची जी रीत आपल्याकडे पडून गेली आहे, तिच्यामुळे चांगल्या मुलांचे नुकसान होत असल्याचे मी इतकी वर्षे पाहत आलो, आणि त्या रीतीला माझाही हातभार लागलेला आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या ३ डिसेंबरची गोष्ट सांगतो. जुने गोवेच्या फेस्ताची सुट्टी होती. आलेला मुलगा हुशार, वागायला नम्र. अमेरिकेतील ६ विद्यापीठे त्याने निवडली होती आणि त्यांतील पहिल्याची मुदत ५ तारखेला संपत होती. त्याने मोबाइलवर मला तीन पत्रे दाखवली. एक माझ्या नावाचे, दुसरे प्राचार्यांच्या नावाचे आणि तिसरे एका सरकारी खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावाचे, जे त्याच्या वडिलांचे स्नेही. परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन करणाऱ्या एका कार्यालयाने शुल्क घेऊन ही तिन्ही पत्रे तयार करून दिली होती. आम्ही तिघांनी फक्त सही करायची होती. मी चष्मा लावून ती एकापाठोपाठ एक वाचली. तिन्हींत 'ज्ञानाची न भागणारी तहान' होती, तिन्हींचा दुसरा परिच्छेद एकाच वाक्याने सुरू होत होता, आणि माझ्या पत्रात मी त्याला दोन सत्रे सेंद्रिय रसायन शिकवल्याचे म्हटले होते. मी जन्मभर विश्लेषणात्मक रसायन शिकवले. हे मी त्याला दाखवले तेव्हा तो खरोखर ओशाळला, कारण त्याने स्वतःही ते नीट वाचले नव्हते. उठता उठता मात्र त्याने आणखी एक विचारलेच: पप्पांनी विचारायला सांगितले आहे, आमदारांचे एखादे पत्र जोडले तर उपयोग होईल का?

मला हसू आले खरे, पण त्यात त्या मुलाचा किंवा त्याच्या वडिलांचा दोष कमी आणि 'शिफारस' या शब्दाचा अधिक आहे. गोव्यात शिफारस म्हटली की डोळ्यांसमोर येते ती सरकारी नोकरीसाठी किंवा बदलीसाठी आणलेली चिठ्ठी. तिच्यात उमेदवाराविषयी काय लिहिले आहे हे कोणी वाचत नाही, खाली सही कोणाची आहे तेवढे पाहतात. त्यामुळे घरातली वडीलधारी माणसे 'लेटर' म्हटल्यावर साहजिकच वजनदार सहीच्या शोधाला लागतात. परदेशातील विद्यापीठ जेव्हा तीन पत्रे मागते तेव्हा त्याला साक्षीदार हवे असतात. या मुलाला काम करताना तुम्ही स्वतः पाहिले आहे काय, पाहिले असेल तर काय पाहिले, आणि तो संशोधनाला किंवा पुढच्या अवघड शिक्षणाला पुरा पडेल असे तुम्हाला कशावरून वाटते, एवढेच त्यांना विचारायचे असते. प्राचार्यांनी त्या मुलाला पाहिले होते ते वार्षिक बक्षीस समारंभात हस्तांदोलन करताना. अधिकारी महाशयांनी पाहिले होते लग्नामुंजीत. दोघेही सज्जन, पण या खटल्यात त्यांची साक्ष ऐकीव.

जाता जाता आठवण देतो. आपल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले तेव्हा त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. एका पाली ग्रंथाच्या संपादनाला जे ज्ञान हवे होते ते या माणसापाशी आहे, हे जाणकारांना पटलेले होते. आजचे शिफारसपत्र त्याच पटण्याची जागा घेते; गुणपत्रिका तर अर्जासोबत असतेच, तिच्यातले आकडे पुन्हा पत्रात लिहिण्याने वाचणाऱ्याच्या ज्ञानात काही भर पडत नाही.

म्हणून पत्र कोणाकडे मागावे, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की ज्याने तुमचे काम जवळून पाहिले त्याच्याकडे, मग तो हुद्द्याने कितीही लहान असो. आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर काम करणारे अनेक तरुण शिक्षक आहेत. प्रयोगशाळेत मुलांच्या शेजारी तासन्‌तास उभे राहतात ते बहुतेक वेळा हेच, पण पत्र मागायला मुले त्यांच्याकडे जात नाहीत, कारण 'त्यांच्या सहीला काय किंमत'. ज्याच्या हाताखाली प्रकल्प केला त्या शिक्षकाचे दीड पानी तपशीलवार पत्र हे प्राचार्यांच्या सात ओळींच्या पत्रापेक्षा केव्हाही मोलाचे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षकाने आपल्याला नावानिशी ओळखावे ही अपेक्षा सगळ्यांचीच पुरी होणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्यासाठी मुलांना स्वतःहून बरेच काही करता येते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत किंवा ताळगाव पठारावर विद्यापीठाच्या एखाद्या विभागात दोन-तीन महिने मन लावून काम केले, तर तिथला मार्गदर्शक हा पक्का साक्षीदार होतो. देशातील तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिच्या अर्जालाही शिक्षकाचे पत्र लागते. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच एखाद्या शिक्षकाशी आपल्या कामाची ओळख व्हायला हवी. ही ओळख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होत नाही.

पत्रात काय असावे हे सांगण्यासाठी माझ्याच हातून लिहिले गेलेले एक पत्र आठवते, कारण ते मला जमले असे मला वाटते आणि जमलेली पत्रे फार थोडी आहेत. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एक मुलगी डिचोली भागातील विहिरींच्या पाण्यातले लोहाचे प्रमाण मोजत होती. पद्धत जुनी आणि सोपी आहे: पाण्यातील लोह योग्य स्थितीत आणून त्यात फिनॅन्थ्रोलीन टाकले की नारिंगी-तांबडा रंग येतो, आणि ५१० नॅनोमीटरवर तो रंग किती प्रकाश शोषतो ते मोजले की लोह किती ते कळते. सोबत एक 'ब्लँक' लावायचे असते, म्हणजे विहिरीच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर. त्याला रंग येता कामा नये. तिच्या ब्लँकला अगदी फिकट, नजरेला जेमतेम दिसेल असा रंग येत होता. दुसऱ्या कोणी तो आकडा सरळ वजा करून पुढचे काम केले असते, आणि खरे सांगायचे तर मीही तिला तसेच करायला सांगितले होते. तिने ऐकले नाही. दोन दिवस ती एकेक बाटली बदलून पाहत राहिली आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनला कोणीतरी बसवलेल्या लोखंडी तोटीपर्यंत पोचली. त्यानंतर तिने आठ दिवसांच्या नोंदी वहीत आडवी रेघ मारून रद्द केल्या, खाली कारण आणि तारीख लिहिली आणि सगळी मोजमापे पुन्हा घेतली. पत्रात मी हे जसे घडले तसे लिहिले, मी तिला चुकीचा सल्ला दिला होता हेही लिहिले. 'कष्टाळू', 'प्रामाणिक' हे शब्द त्यात कुठेही नव्हते. तिचे गुण पहिल्या पाचांतही नव्हते, तरी तिला प्रवेश मिळाला. एका पत्रामुळेच मिळाला असा दावा मी करणार नाही, पण मुलाखतीत तिला त्या तोटीविषयी विचारले गेले एवढे तिने मला कळवले.

या उलट आपली नेहमीची पत्रे पाहावीत. सालस, मनमिळाऊ, कष्टाळू, आज्ञाधारक. 'आज्ञाधारक' या शब्दाने आपण मुलाचे कौतुक करतो, आणि संशोधनासाठी विद्यार्थी शोधणारा प्राध्यापक तो वाचून कपाळाला हात लावतो, कारण सांगितले तेवढेच करणारा माणूस त्याला नको असतो. भाषेचा आणखी एक खड्डा आहे. आपण 'चांगला विद्यार्थी' असे लिहितो तेव्हा मनापासून चांगलाच म्हणायचे असते. अमेरिकेतल्या पत्रांत मात्र स्तुतीची पट्टी इतकी चढलेली आहे की नुसते 'चांगला' म्हणजे बेताचा असे तिथला वाचणारा समजतो. ब्रिटनमध्ये ही पट्टी बरीच खाली असते. विशेषणांच्या या बाजारात पडण्यापेक्षा घडलेली एक गोष्ट सांगणे हे शिक्षकाला सोपे आणि वाचणाऱ्याला विश्वासार्ह असते. शिवाय गोव्याबाहेरच्या माणसाला माहीत नसलेला संदर्भही पत्रात देता येतो: वर्गात किती मुले होती, परीक्षा विद्यापीठाची होती की महाविद्यालयाची, २०२० आणि २०२१ मध्ये प्रयोगशाळा बंद असल्याने त्या तुकडीला कोणते प्रयोग हाताने करायला मिळालेच नाहीत. गुणपत्रिका यातले काही सांगत नाही.

आता मसुद्याविषयी. 'तूच लिहून आण, मी सही करतो' हे वाक्य मी स्वतः अनेकदा उच्चारले आहे आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक सहकाऱ्यांनी उच्चारले आहे. ते आळसातून येते असे नाही; उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर असतो, इंग्रजीत दीड पान लिहायचे म्हणजे एक संध्याकाळ जाते, आणि मुलगा समोर उभा असतो. पण त्या वाक्याचा परिणाम असा होतो की २१ वर्षांचा मुलगा स्वतःविषयी एका ५० वर्षांच्या माणसाच्या आवाजात लिहू लागतो, ते त्याला जमणे शक्य नसते, मग तो मित्राचे पत्र आणतो किंवा शुल्क घेणाऱ्या कार्यालयात जातो, आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर तेही करावे लागत नाही. एकाच अर्जातली तिन्ही पत्रे एकाच हाताची आहेत हे वर्षाला शेकडो अर्ज वाचणाऱ्या माणसाला ओळखायला वेळ लागत नाही. तीन साक्षीदार शब्द न शब्द तेच बोलू लागले तर न्यायाधीश काय समजेल?

याच्याही पुढची पायरी मी पाहिली आहे. शिक्षकाच्या नावाने जीमेलवर नवा पत्ता उघडायचा, पत्र चढवण्यासाठी विद्यापीठ शिक्षकाला ईमेलने जो दुवा पाठवते तो त्यावर घ्यायचा आणि पत्र आपणच चढवून टाकायचे. शिक्षकाला वेळ नसतो, तो 'तूच कर बाबा' म्हणून मोकळा होतो, आणि दोघांनाही हे सोयीचे वाटते. परंतु ही सरळसरळ बनावट आहे. अर्ज भरताना विद्यार्थ्याने सगळी माहिती खरी असल्याची हमी दिलेली असते आणि ती खोटी निघाल्यास दिलेला प्रवेश रद्द करण्याचा अधिकार विद्यापीठे राखून ठेवतात. व्हिसा काढून, घरावर कर्ज घेऊन गेलेल्या मुलाला तिथून परत यावे लागले तर त्याची भरपाई कोण करणार?

अर्जातल्या एका चौकटीविषयी पालकांनीही जाणून घ्यावे. अमेरिकेत १९७४ साली झालेल्या, फर्पा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे, आणि प्रवेश घेतल्यानंतर फाइलमधली शिफारसपत्रेही त्यात येऊ शकतात. म्हणून अर्जात विचारलेले असते की हा हक्क तुम्ही सोडता काय. आपली मुले 'हक्क कशाला सोडा' म्हणून 'नाही' वर खूण करतात. तसे केल्याने अर्ज बाद होत नाही, पण पत्र लिहिणाऱ्याला ते विद्यार्थी वाचू शकेल हे कळते आणि वाचणारी समितीही ते पाहते. मग ज्या पत्रात मनमोकळेपणाची हमी नाही त्याला किती महत्त्व द्यायचे, हे ती ठरवते. मी १९८४ साली मुंबई विद्यापीठाच्या पणजीतील पदव्युत्तर केंद्रात असताना एका सरांनी मला असे पत्र दिले होते, ते लिफाफ्यात बंद करून, लिफाफ्याच्या जोडावर आडवी सही मारून. त्यात काय लिहिले होते ते मला आजतागायत माहीत नाही. तो बंद लिफाफाच आता चौकटीतल्या खुणेच्या रूपाने आला आहे.

वेळेच्या बाबतीत गोव्याचे पंचांग आपल्या मुलांच्या विरुद्ध जाते. अमेरिकेतील पीएच.डी.च्या बहुतेक मुदती १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान येतात, एम.एस.च्या काही जानेवारीपर्यंत लांबतात. त्याआधीचे दोन महिने महाविद्यालयात सत्र परीक्षा आणि पेपर तपासणी चालते, मध्येच दिवाळीची सुट्टी येते, मग ३ डिसेंबर, मग १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, आणि त्यानंतर नाताळ, जेव्हा गोव्यात कोणाला काही विचारू नये. म्हणून माझे मुलांना सांगणे असे की चतुर्थीच्या सुट्टीआधी शिक्षकाला भेटा. त्या वेळी विद्यापीठांची यादी पक्की झालेली नसली तरी चालेल. शिक्षकाचा होकार आणि त्याच्या डोक्यातली आठवण ताजी करणे, एवढे त्या भेटीत झाले तरी पुरे. मुदतीच्या वेळेचेही नीट पाहावे. '५ डिसेंबर रात्री ११.५९' असे लिहिलेले असते ते तिकडच्या घड्याळाचे. न्यूयॉर्ककडचे विद्यापीठ असेल तर आपल्याकडे तेव्हा ६ तारखेचे सकाळचे १०.२९ झालेले असतात, कॅलिफोर्नियाचे असेल तर दुपारचा १.२९. इतक्या तासांची सवलत मिळते म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. अनेक ठिकाणी पत्रे चार दिवस उशिरा आली तरी चालवून घेतात, पण सगळीकडे तसे नाही; ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी अर्जाच्या मुदतीतच पत्रेही पोचावी लागतात.

शिक्षकाची बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेत साधारणपणे तीन पत्रे मागतात, ब्रिटनमध्ये बहुधा दोन, जर्मनीत काही ठिकाणी एकही नाही. समजा एका शिक्षकाकडे ५ मुले आली आणि प्रत्येकाने ८ विद्यापीठांना अर्ज केला, तर त्याच्या पेटीत ४० दुवे येऊन पडतात. प्रत्येक दुवा उघडला की नवा फॉर्म: विद्यार्थ्याला किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने, त्याची विचारशक्ती, लेखन, चिकाटी यांना वर्गातल्या वरच्या १ टक्क्यात बसवाल की ५ की १० की २५ टक्क्यांत, आणि मग पत्र पीडीएफ करून चढवा. पगारवाढीच्या किंवा बढतीच्या जेवढ्या अर्जांवर मी आयुष्यात माहिती भरली, त्यांत किती शोधनिबंध, किती परिसंवाद हे विचारलेले होते. मुलांसाठी किती पत्रे लिहिली हे एकातही नव्हते. त्यामुळे हे काम रात्री जेवणानंतर होते आणि त्यात चुका होतात. एका वर्षी मी आदल्या वर्षीच्या मुलाचे पत्र पुढे घेऊन नाव बदलले आणि एका मुलीसाठी चढवून दिले. दोन ठिकाणी 'तो' तसाच राहून गेला होता. दुवा बंद झाल्यावर माझ्या लक्षात आले. त्या विद्यापीठाने तिला घेतले नाही. कारण ते असेल किंवा नसेल, मी तिला आजवर हे सांगितलेले नाही.

म्हणून मुलांनी शिक्षकाचे काम हलके करावे. मसुदा आणू नये, मालमसाला आणावा: आपली गुणपत्रिका, अर्जासाठी लिहिलेले उद्देशपत्र, सरांकडे केलेल्या प्रकल्पाचा अहवाल, आणि एका कागदावर विद्यापीठांची नावे, अभ्यासक्रम व मुदती, त्याही भारतीय वेळेत, आधी येणारी वर. 'सर, तुमच्या तासाला मी अमुक केले होते' अशा चार ओळी लिहून दिल्या तर लिहिणाऱ्याला धागा सापडतो. मुदतीच्या आठवडाभर आधी एकदा आठवण करावी, त्यात संकोच कसला? आणि निकाल लागला की सांगावे, प्रवेश मिळाला तरी आणि नाही मिळाला तरी. पेढे नकोत, मधुमेह आहे. आमची बहुतेक मुले परदेशी पोचल्याचे आम्हाला कळते ते व्हॉट्सअॅपवर बर्फात उभा असलेला फोटो पाहून.

नकार देणे हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग आहे, विशेषतः गोव्यासारख्या ठिकाणी. मुलाचे आजोबा देवळाच्या समितीवर, आई बायकोच्या शाळेतली, काका बाजारात रोज भेटणारा. मुलाला आपण फारसे ओळखत नाही हे माहीत असूनही शिक्षक हो म्हणतो आणि मग कोरडे, चार ओळींचे पत्र पाठवतो, जे नकारापेक्षा वाईट, कारण त्याचे दुष्परिणाम मुलाला दिसत नाहीत आणि तो दुसरा साक्षीदारही शोधत नाही. 'तुझे काम माझ्यापेक्षा अमुक मॅडमनी जास्त पाहिले आहे, त्यांच्याकडे जा, हवे तर मी फोन करतो' असे म्हणायला मला नोकरीच्या पंचविसाव्या वर्षी जमायला लागले. मुलांनीही विचारताना वाट ठेवावी. 'सर, लेटर द्याल काय' असे विचारले की हो म्हणावेच लागते. 'माझ्या कामाविषयी तपशिलाने लिहिण्याइतके तुम्हाला आठवते का' असे विचारले तर खरे उत्तर मिळते.

महाविद्यालयांनी करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत, आणि त्यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत. शिक्षक निवृत्त झाला किंवा कंत्राट संपले की त्याचा संस्थेचा ईमेल पत्ता बंद होतो. मग तो जीमेलवरून पत्र पाठवतो आणि परदेशी विद्यापीठाच्या नजरेत ते संशयास्पद ठरते. माझा पत्ता निवृत्तीनंतर महिनाभरात बंद झाला, तेव्हा दोन मुलांचे दुवे त्यावर येऊन पडलेले होते. विनंती करून तो पंधरा दिवसांसाठी उघडून घ्यावा लागला. हे पत्ते निदान २ वर्षे चालू ठेवावेत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाने अमुक काळात अमुक विषय शिकवला याची नोंद विभागात राहावी, म्हणजे तो दुसरीकडे गेला तरी मुलाला त्याचा ठावठिकाणा मिळेल. आणि पत्र लिहिण्यासाठीचा लेटरहेड मागितल्यावर शिक्षकाला कारकुनाच्या टेबलावर दोन खेपा घालाव्या लागू नयेत.

डिसेंबरातल्या त्या मुलाला मी ५ तारखेचे विद्यापीठ सोडून द्यायला सांगितले, प्रकल्पाचा अहवाल मागून घेतला आणि १५ तारखेनंतरच्या चार ठिकाणांसाठी माझे पत्र मीच लिहिले. प्राचार्यांच्या जागी त्याला प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या, आता मडगावला नोकरी करणाऱ्या एका तरुण शिक्षिकेचे नाव सुचवले. अधिकारी महाशयांचे पत्र त्याने शेवटी जोडले की नाही, आणि त्याचे पुढे काय झाले, हे मला कळलेले नाही.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पानावर दहावी-बारावीच्या निकालापासून प्रवेश परीक्षांपर्यंत सर्व वेळापत्रके येतात. ऑगस्टच्या अखेरीस एकदा अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील मुदतींचा साधारण तक्ता, भारतीय वेळेसह, छापावा अशी विनंती आहे. तो तयार करायला मी मदत करीन.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक, फोंडा